सेफ्टी इन-चार्ज आणि अणुभट्टीचा पिक्चर

कोचिंग क्लासच्या ऑफिसात किस्से कसे जमा होतात, माहितेय? जुन्या टेस्ट पेपरांसारखे. फेकायला काढले की आपण तिथेच वाचत बसतो! प्रॉब्लेम एवढाच, की आमच्या बहुतेक किश्शांतला येडा मीच आहे.

आमचा क्लास पलासियाला, तिसऱ्या माळ्यावर. मी फिजिक्स. शनिवारी दुपारी लेक्चर संपले की मीटिंग रूममध्ये प्रोजेक्टरवर पिक्चर. अणुभट्टीवरचा एक जुना सस्पेन्स पिक्चर आहे. त्यात इंजिनियर ओरडून राहिलाय, प्लांट बंद करा, आणि साहेब लोक म्हणतात, रजिस्टरमध्ये तर सगळं ओके आहे! मी सगळ्यांच्या मागे लागलो, "हिल जाओगे, भिया!"

हललो फक्त मी. पिक्चरमध्ये सायरन वाजला, मी किंचाळलो आणि माझा चहा देवयानीताईंच्या साडीवर. ताई कोल्हापूरच्या, केमिस्ट्री शिकवतात. शांतपणे म्हणाल्या, "गळती तर इथंच सुरू झाली की रे!"

*

पराग, आमचा मॅथ्सवाला, अख्खा पिक्चर शेव खात बसला होता.

"तुला टेन्शन नाही आलं?"

"भिया, मी गौतमपुऱ्याचा. आमच्याकडे दिवाळीनंतर लोक बारूद भरलेली हिंगोटाची सुकी फळं पेटवून एकमेकांवर फेकतात, आणि आम्ही फॅमिली घेऊन बघायला जातो. तुझ्या पिक्चरमध्ये तो इंजिनियर कधीचा डरतोय, और अभी तक कुछ फटा भी नहीं!"

*

सोमवारी मी तडक शितोळे सरांच्या केबिनमध्ये. सर क्लासचे मालक. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, आणि सर अजूनही घोड्यावरून बोलल्यासारखेच बोलतात.

"सर, आपल्याकडे सेफ्टीच नाही! कोणी ऐकत नाही, मग ब्लास्ट होतो!"

"बढ़िया! आजपासून तूच सेफ्टी इन-चार्ज."

माझं प्रोबेशन संपायला एक महिना होता. दर शनिवारी दाराजवळचा सेलवर चालणारा स्मोक अलार्म वाजवून बघायचा आणि रजिस्टरमध्ये सही करायची. तपासणीत सगळं नीट निघालं तर पर्मनंटचं लेटर.

"आणि नाही निघालं तर, सर?"

सरांनी नुसतं दाराकडे बघितलं.

*

दुसऱ्याच दिवशी मला धुराचा वास आला! चालू लेक्चर थांबवून मी साठ पोरं जिन्याने खाली उतरवली. "पॅनिक नहीं करना!" असं ओरडत सगळ्यांच्या पुढे मीच पळत होतो.

खाली जिन्याला चिकटून नवा भुट्टेवाला कणसं भाजत बसला होता.

पोरांनी रांग लावून भुट्टे घेतले. एकाने मलाही आणून दिला, "सर, सबूत!"

*

तपासणीच्या आधीच्या शनिवारी मी हट्टाने पिक्चर परत लावला. म्हटलं, आता जबाबदारीने बघू या. शेवटची वीस मिनिटं, सगळ्यांचा श्वास अडकलेला, नेमका ताईंना फोन आला. पिक्चर पॉज केला आणि मग रिमोटच चालेना! सेल गेले!

मी बाहेर पळालो आणि दोन मिनिटांत दोन पेन्सिल सेल घेऊन हजर! परागने टाळ्या वाजवल्या.

"कुठून आणलेस रे?" ताईंनी विचारलं.

"ताई, आधी पिक्चर!"

शेवटी मी इतका सेंटी झालो, की डोळे पुसत गेलो आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: अलार्म ओके. खाली सही, सहीखाली दोन रेघा.

*

तपासणीला फायर ब्रिगेडचे दोघं जण आले. रजिस्टर बघून खूश! "बाकी ठिकाणी तर कोरं असतं." सरांनी माझी पाठ थोपटली. लेटर त्यांच्या खिशातून डोकावत होतं.

"चल, वाजवून दाखव."

मी ऐटीत सगळ्यांना कानात बोटं घालायला लावली आणि बटण दाबलं.

काहीच नाही.

परत दाबलं. अंगठा पांढरा होईपर्यंत दाबलं.

पराग कानात बोटं घालून उभाच होता. तो ओरडला, "बजा क्या, भिया?"

देवयानीताई मीटिंग रूममध्ये गेल्या, परत आल्या आणि सगळ्यांसमोर प्रोजेक्टरचा रिमोट माझ्या हातात ठेवला.

"घे. पिक्चर संपला."