इसाराचे पैसे

शुद्धलेखन मला येत नाही आणि अक्षरही किरटं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणी वाचावं म्हणून मी हे लिहीत नाही, तरी कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात.

मी अमळनेरला खापरावरचे मांडे करते. लग्न, वास्तुशांत, डोहाळजेवण, जिथून बोलावणं येईल तिथे जाते. काम शिकवलं शेजारच्या अक्काने. ती माझ्यापेक्षा बरीच मोठी. कणीक आणि पुरण ती सांभाळायची, मांडा मी हातावर घ्यायचे. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि न फाटता तापलेल्या खापरावर टाकायचा. त्या वेळी मला धूर लागत नाही, पाठ दुखत नाही. हे काम मला मनापासून आवडतं. बोलणं मात्र जमत नाही. भाव ठरवणं, इसार म्हणून आगाऊ पैसे मागून घेणं, सगळं अक्का करायची. मी तिच्या मागे उभी.

एकदा एका मास्तरांच्या निवृत्तीच्या जेवणाला आमचे मांडे होते. बाहेर हार, शाल, भाषणं चाललेली. त्यांची बायको चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, आता दर महिन्याला पेन्शन येईल, काळजी नाही. परत येताना एसटीत मी अक्काला विचारलं, आपल्याला कोण निवृत्त करणार?

"आपलं खापर फुटनं की आपली सुट्टी," अक्का म्हणाली. पुढच्या सीटवरच्या बायकासुद्धा हसल्या.

पण दुसऱ्या दिवशी तीच मला पोस्टात घेऊन गेली. नियमही तिनेच घातला. इसाराच्या पैशाला घराचा उंबरा दाखवायचा नाही. अर्धा तिच्या खात्यात, अर्धा माझ्या. मागाहून मिळेल त्यात घर चालवायचं. माझे मालक जिनिंगमध्ये हमाली करतात, कापसाचा हंगाम संपला की घरी असतात. ओढाताण व्हायची, तरी त्यांनी कधी त्या पैशांकडे बोट दाखवलं नाही. मला मांडे सोडायचे नव्हतेच. साठीनंतर झेपतील तेवढे, हौसेने करावेत, पोटासाठी आगीपुढे बसायची वेळ येऊ नये, एवढंच मनात होतं.

मग अक्काचे मालक आजारी पडले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. धुळ्याच्या दवाखान्यात अक्काचं खातं बघता बघता रिकामं झालं. मी घरात विचारून माझंही मोडलं आणि पैसे तिच्या हातात दिले. आबा वाचले नाहीत.

आबांचे दिवस झाल्यानंतरच्या पहिल्याच कामाला अक्काने तिच्या वाट्याचा इसार माझ्यापुढे ठेवला. मी नको म्हणून मान हलवली. तिने माझी मूठ उघडून त्यात नोटा कोंबल्या. तेव्हापासून दर कामाला तसंच.

वर्षं गेली. अक्काचे गुडघे गेले, धुराने खोकल्याची उबळ यायला लागली. तिला स्वतःच्या म्हातारपणासाठी काही साठवता येत नव्हतं, सगळं माझ्याकडे येत होतं. मुलगा सुरतेहून बोलवत होता, तिकडे ती जात नव्हती. शिंदखेड्याला एका लग्नात मांडवामागे ती पुरण वाटता वाटता वरवंटा सोडून खांबाला टेकली. मी धीर करून म्हटलं, "अक्का, राहू दे ते पैसे. तू मुलाकडे जा."

"तुनं म्हतारपन मी खाऊ का, माय?"

एवढंच बोलली. मग गाडीत बसेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

माझं पोस्टातलं खातं हळूहळू पहिल्यासारखं होत आलं. त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण पैसे फिटले की अक्का सुरतेला जाणार, हे मला दिसत होतं. कधी कधी वाटायचं, या महिन्यात काम नाही आलं तरी चालेल.

अक्कालाही ते दिसत असावं. या वर्षी फोन आला की ती माझ्या हातात द्यायला लागली. चाळीसगावहून एकांनी आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, मांडे सांगितले. मी इसाराचं बोलले ते त्यांना ऐकूच गेलं नाही. ते म्हणाले, मोठ्याने बोला ना बाई. अक्का गहू निवडत होती, तिने वर पाहिलं नाही. मी पुन्हा बोलले. त्यांनी संध्याकाळपर्यंत पैसे पाठवले.

त्या आखाजीला अक्का शेवटची चुलीपाशी बसली. मांडे गरम असतानाच घड्या घालून टोपलीत रचत होती. तिने इसारातला तिचा वाटा तर दिलाच, पण काम संपवून अमळनेरला परतल्यावर हातपाय धुऊन माझ्या घरी आली आणि रुमालात बांधलेली, फिटायची राहिलेली रक्कम माझ्या मांडीवर ठेवली.

"बठ्ठा शे. मोजी ले." सगळे आहेत, मोजून घे, म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने दिलेले पैसे मी कधी तिच्यासमोर मोजले नव्हते. मला लाज वाटत होती. पण ती भिंतीला टेकून वाट पाहत बसली, तिला ते ऐकायचं होतं. म्हणून मी एक एक नोट मोठ्याने मोजली. एक रुपयाही कमी नव्हता.