मेश्राम मॅडमचा ध्यानाचा तास

नर्सिंगच्या विद्यार्थिनींचा ताण कमी व्हावा म्हणून आठ आठवडे सजगतेचं प्रशिक्षण द्या, असं वरून पत्र आलं. प्राचार्य वानखडे सरांनी ते प्रीती मेश्राम यांच्यासमोर सरकवलं.

"मॅडम, हे तुम्हीच घ्या. ध्यान म्हणजे तुमच्या घरचंच."

प्रीतीमॅडमनी पत्र घेतलं. कन्हानच्या त्यांच्या घरी रविवारी बुद्धवंदना व्हायची खरी, पण वडील खाणीतून आले की भिंतीला टेकूनच झोपायचे. डोळे मिटून जागं राहणारं माणूस त्यांनी घरात कधी पाहिलं नव्हतं. नागपुरातल्या या कॉलेजात त्यांना एकवीस वर्षं झाली होती, त्याआधीची सगळी वॉर्डात गेली. गुडघे तिथेच गेले. दोन दिवसांचं ऑनलाइन शिबिर करून त्यांनी तास सुरू केला.

तास दुपारी तीनचा. दुसऱ्या वर्षाच्या मुली सकाळी सातपासून वॉर्डात उभ्या असायच्या, दोनला सुटायच्या. सतरंजीवर बसल्या की पाच मिनिटांत निम्म्या पेंगायच्या. मॅडम कागदावरून "श्वास आत येतो आहे" वाचायच्या, आणि मधेच त्यांचीही ओळ चुकायची. हजेरी मात्र पूर्ण असे. तिचा फोटो वर पाठवावा लागे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी लक्ष पायांकडे न्यायला सांगितलं. आधी तळवे, मग घोटे. कोपऱ्यातून हुंदका आला. रामटेककडची कामिनी होती ती, वर्गात कधी तोंड न उघडणारी.

"काय झालं वं?"

"काही नाही मॅडम. पाय दुखून राहिले. सकाळपासूनच दुखत असतील, मले आत्ता समजलं."

कोणी हसलं नाही. मॅडमनी कागद खाली ठेवला आणि तिला मोजे काढायला लावले. घोटे टम्म सुजले होते.

"जेवली काय?"

कामिनीने मान हलवली, नाही. मॅडमनी सगळ्यांनाच विचारलं, कोण कोण जेवून आलं? चाळीस मुलींत नऊ हात वर झाले.

"मॅडम, मेस दोनले बंद होते," मोनाली म्हणाली. "आम्ही पुढच्या ड्यूटीले पेशंट सोपवून येतपर्यंत कुलूप लागलेलं असते. मग बिस्किटं खातो."

त्या दिवशी ध्यान झालं नाही. मॅडम तशाच सरांच्या केबिनमध्ये गेल्या.

"सर, उपाशी पोरीले श्वासाकडे पाहा म्हणून कसं सांगू?"

"तुम्हाला ध्यान शिकवायला सांगितलं, मॅडम. मेस वसतिगृहाकडे आहे."

"वसतिगृह तुमच्याच सहीनं चालते, सर. अन् पोरींची ड्यूटीही एक तास कमी करा."

एकवीस वर्षांत त्या असं बोलल्या नव्हत्या.  घरी जाताना बसमध्ये वाटत राहिलं, उगाच बोलले.

आठ दिवसांनी नोटीस लागली: मेस तीनपर्यंत उघडी, ध्यान साडेतीनला. ड्यूटीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

नंतरही काही मुली पेंगायच्याच. मॅडम त्यांना उठवत नसत. एकदा जिन्यात कामिनी भेटली. म्हणाली, इंजेक्शन देण्याआधी एक श्वास घेते, मग हात कापत नाही.

"खरंच?"

"कधी कधी."

आठव्या आठवड्यात ताणाची प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. पहिल्या आठवड्यापेक्षा ताण कमी दिसत होता. सर खूश झाले. "ध्यानामुळे, असं लिहा अहवालात."

मॅडमनी पेन उचललं. नुसतं ध्यान लिहिणं खोटं ठरलं असतं. नुसतं जेवण लिहावं, तर कामिनीनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं नसतं, तर जेवणाचं कोणी विचारलंच नसतं. त्यांनी लिहिलं, ध्यान आणि वेळेवर जेवण.

"जेवणाचं कशाला?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

मॅडमनी सहीच्या जागी बोट ठेवलं. शेवटी सरांनी सही केली, आणि पुढच्या तुकडीची यादी त्यांच्या हातात दिली. साठ मुली होत्या.