पोटात राहिलेली नळी

"मराठीत सांगू, की तेही झेपणार नाही?" डॉक्टर म्हणाले. मागे उभे असलेले शिकाऊ डॉक्टर हसले.

खाटेवर माझी बायको होती. डॉक्टरांनी न विचारता तिच्या पोटावरची चादर बाजूला केली होती, आणि ती एका हाताने चादर परत ओढून घेत होती. मी पायथ्याशी उभा. इस्त्रीचा शर्ट घालून. आदल्या दिवशी दुर्बीण घालून, लेझरने तिच्या मूत्रनळीतला खडा फोडला होता.

"इंग्रजीतच बोला सर," मी म्हणालो. "कळतं मला."

कळत नव्हतं. कचेरीतली इंग्रजी पत्रं मी वाचतो, पण ते भरभर बोलत होते. माझे वडील अशाच एका दवाखान्यात झाडू मारायचे. ते सांगत, या लोकांपुढे न कळल्यासारखं तोंड करायचं नाही. मी मान डोलवत राहिलो. येस सर. येस सर.

जाताना डॉक्टर तिच्याकडे वळले. "बाई, पाणी प्या. पाणी पीत नाही म्हणून खडे होतात तुम्हा लोकांना."

ती नुसती हसली. ती सोसायट्यांमध्ये पोळ्या करते. घरं चांगली आहेत, पण एकाही घरात तिला संडास वापरू देत नाहीत. म्हणून ती घोटभर पाणीसुद्धा पीत नाही. घरी येईपर्यंत नाही. वर्षानुवर्षं. हे तिथं फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. 

येरवड्याला घरी परत येताना रिक्षात तिने विचारलं, "काय म्हणाले हो ते?"

"सगळं व्यवस्थित आहे म्हणाले."

पुढे तिची कंबर दुखायला लागली. लघवीतून रक्त जायला लागलं. ती म्हणायची, "अहो, खडा गेला ना? मग हे काय?" मी म्हणायचो, नवा झाला असेल. मी तिला कुळथाचं कढण करून देत राहिलो. त्या डॉक्टरांसमोर पुन्हा उभं राहायची मला लाज वाटत होती. आणि ती कमरेला घट्ट पदर बांधून पोळ्या लाटायला जात राहिली.

असं वर्ष गेलं. एका सकाळी तापाने थरथरत ती मोरीत कोसळली.

सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक जाड पांढरी रेघ.

"ही आत ठेवलेली प्लास्टिकची नळी काढली नाही? खडा फोडल्यावर सुजेने वाट बंद होऊ नये म्हणून ठेवतात. काही आठवड्यांत काढायची असते. सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं. मला. इंग्रजीत.

त्या नळीवरच खडे चढले होते. त्या बाजूचं मूत्रपिंड मेलं होतं. आता पोट फाडून ते काढावं लागणार होतं.

 बायको म्हणाली, "पोट माझं होतं ना? मग मला का नाही सांगितलं कुणी? तुम्हीसुद्धा?"

 

ऑपरेशनच्या आधी तिथले मोठे डॉक्टर आले. माझ्यापुढे संमतीचा कागद आणि पेन धरलं. "सही करा. सगळं समजावलंय ना?"

येस सर, अगदी ओठांवर आलं होतं.

"मला कळलेलं नाही," मी म्हणालो. "मराठीत सांगा. आणि मला नको, हिला सांगा."

"अहो, बाहेर रांग बघा. व्याख्यान द्यायला बसू का इथे?"

"बसा. हिला कळल्याशिवाय सही होणार नाही."

  डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि तिला सांगितलं. तिने एकच विचारलं, "या वेळी आत काही ठेवणार का?"

मूत्रपिंड गेलंच. एक उरलंय.

आता ती कामाच्या घरी आधी संडास कुठे आहे ते विचारते आणि मग पीठ मळायला घेते. काही घरं सुटली. सुटू देत. रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की मी उभा राहतो आणि सांगतो: पोटात काय ठेवलंय ते विचारा, ते कधी काढायचं ते विचारा. लोकांसमोर स्वतःचं 'येस सर' सांगतो, तेव्हा अजून लाज वाटते. तरी सांगतो.

वडिलांनी शिकवलेलं मी मोडलं आहे. माझ्या मुलीला मी उलटं शिकवतोय. कळलं नाही तर न कळल्यासारखंच तोंड कर. हसले तर हसू दे. आणि कळेपर्यंत तिथून हलू नकोस.