हजारच्या खालच्या टेकड्या

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटी सांगायचं ठेवलं की माणूस आपल्या सोयीनं गोष्ट फिरवतो, आणि मी काही त्याला अपवाद नाही.

बेंगळुरूतल्या एका संशोधन संस्थेत मी रामन यंत्र चालवते. काम ऐकायला सोपं आहे. दगडाची पातळ चकती काचेवर चिकटवलेली असते, तिच्यावर सूक्ष्मदर्शकातून लेसरचा ठिपका टाकायचा. परत येणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडासा प्रकाश रंग बदलून येतो. तो किती बदलला याची रेघ पडद्यावर उमटते, आणि रेघेवर कुठल्या आकड्याला उंचवटा आला त्यावरून समोर काय आहे ते ओळखायचं. दगड फोडायला नको, विरघळवायला नको.

जिची ही गोष्ट, ती मुलगी निपाणीकडची. पीएच.डी.ला नुकतीच आली होती. मी फोनवर अण्णांशी, म्हणजे माझ्या मोठ्या भावाशी, बोलत होते ते तिनं ऐकलं आणि हसू दाबत विचारलं, हे मराठी का कन्नड? आमचं घराणं इथं कित्येक पिढ्यांचं. आमच्या मराठीत ‘स्वल्प’, ‘सरी’ असले कन्नड शब्द इतके मुरलेत की पुण्याचे पाहुणे आले की नुसते माना डोलवतात. तिला मात्र सगळं कळायचं. दुसऱ्या आठवड्यापासून ती मला अक्का म्हणायला लागली. पडद्यावरच्या उंचवट्यांना आम्ही दोघी टेकड्या म्हणायचो. दिवसभर इंग्रजी आणि कन्नड बोलून माझी जीभ शिणलेली असायची, ती आली की बरं वाटायचं.

तिचा विषय होता चित्रदुर्गाच्या बाजूच्या गारगोटीसारख्या दगडातले काळे ठिपके. दगड अडीचशे कोटी वर्षांहून जुना. ठिपके कार्बनचे निघाले, तर ते त्या काळच्या सूक्ष्मजीवांच्या खुणा असू शकतात. नाही निघाले, तर नुसते डाग. तिचा सगळा प्रबंध त्यावर उभा होता.

कार्बनच्या टेकड्या दोन. एक साडेतेराशेच्या आसपास, दुसरी सोळाशेजवळ. खरं तर मोजणी शंभरापासून सुरू करायला हवी, पण त्याला वेळ लागतो. तिचे मार्गदर्शक घाई करत होते, बाहेरचे नमुने पडून होते, आणि मी नेहमीसारखी वैतागलेली. मी म्हटलं, अगं, तुला कार्बनच बघायचाय ना, मग खालचं कशाला हवंय? हजार ते अठराशे एवढंच लाव. तिनं एकदा भीत भीत विचारलं होतं, एकदा खालचंही बघू या का म्हणून. मी खेकसले. इतकी वर्षं मी इथं काय भाजी निवडतेय का, असं काहीतरी बोलले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

टेकड्या आल्या. पहिली ठसठशीत, दुसरी बारीक. ठिपक्यांच्या कडेला तांबूस झाक होती, ती मी आजूबाजूच्या दगडाची समजले. तिच्या पाठीवर थाप मारून मीच म्हटलं की हा कार्बन आहे, जा, घरी फोन कर. तिनं व्हरांड्यात उभं राहून आईला फोन केला.

चार वर्षांनी, तिची तोंडी परीक्षा नऊ दिवसांवर आली असताना, एका सोमवारी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्यातून पाइपातला गंज आला. तो नक्की कसला गंज आहे ते त्यांना हवं होतं. अनोळखी नमुना म्हणून मी मोजणी शंभरापासून लावली आणि चहा आणायला गेले. परत येऊन बघते तर तेराशेच्या जरा पुढे एक ठसठशीत टेकडी. मी ती लगेच ओळखली. चार वर्षं तीच तर बघत होते. फक्त इथं हजारच्या खालीही टेकड्या होत्या, सव्वादोनशेला, तीनशेच्या अलीकडे, चारशेच्या पुढे, आणि त्या लोखंडाच्या लाल गंजाच्या होत्या. या गंजाला तेराशेवीसला उंचवटा येतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं हो! दुसऱ्यांना शिकवलंय मी ते.

तिच्या चकत्या माझ्याच कपाटात होत्या. तीन ठिपके शंभरापासून मोजले. तिन्ही गंज. सोळाशेची ती बारीक टेकडी भोवतालच्या दगडात झिरपलेल्या कार्बनची होती, ठिपक्यांची नव्हती.

त्याच क्षणी तिला हाक मारायला हवी होती. नाही मारली. घरी जाऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की परीक्षक प्रबंधात जे आहे ते बघतील, यंत्र कुठल्या आकड्यापासून लावलं ते कोण विचारतंय, पोरीला पदवी मिळू दे, मग दुरुस्ती करता येईल. मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला तेच ऐकायचं होतं. मंगळवारी डोकं दुखतंय म्हणून रजा टाकली.

बुधवारी तिनं परीक्षेच्या तयारीचं भाषण विभागातल्या सगळ्यांसमोर केलं. फार छान बोलली. माझी रेघ भिंतीवर एवढी मोठी करून दाखवली आणि आभार मानताना माझं नाव सगळ्यात आधी घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला माझी किळस आली, तरी वाजवल्या.

गुरुवारी सकाळी ती वही घेऊन माझ्या खोलीत आली. कालच्या भाषणानंतर कुणीतरी तिला गाठून विचारलं होतं की मोजणी हजारपासूनच का. तिनं सांगितलं होतं, आमच्या अक्कांचा अनुभव दांडगा आहे, त्यांनी ठरवलंय म्हणजे विचार करूनच ठरवलं असणार. आता परीक्षकांनी विचारलं तर नीट कारण सांगता यावं म्हणून ती लिहून घ्यायला आली होती. पेन उघडून बसली. आता गप्प राहायचं तर खोटं माझ्या नव्हे, तिच्या तोंडून जाणार होतं. मी सांगितलं.

ती रडली नाही. मला दाखवा, म्हणाली. मग स्वतः बसून सतराच्या सतरा ठिपके मोजले. चौदा स्वच्छ गंज निघाले, उरलेल्या तिन्हींचं काही सांगता येईना. संध्याकाळ झाली. खुर्ची मागे सारून ती माझ्याकडे वळली.

“तुम्हाला कधी कळलं?”

“सोमवारी.”

“चूक झाली ते समजू शकते, अक्का. मीही खालचं बघायचा हट्ट धरायला हवा होता. पण काल मी तिथं उभी होते, आणि तुम्ही पहिल्या रांगेत होता.”

तिची परीक्षा बिघडू नये म्हणून गप्प होते, असं ओठांवर आलं होतं, पण तेही पूर्ण खरं नव्हतं. मी घाबरले होते. माझी इतक्या वर्षांची पत त्या बंद तोंडावर टिकून होती.

मार्गदर्शकांना तिनंच कळवलं. परीक्षा पुढे गेली. मोजणी कुठून लावायची हा निर्णय माझा होता, असं मी सही करून लेखी दिलं. मार्गदर्शक माझ्यावर दहा मिनिटं ओरडले आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी उलट ओरडले नाही. प्रबंधाचे दोन भाग तिला काढून टाकावे लागले. उरलेल्यावर पदवी मिळेल की नाही, कुणीच खात्रीनं सांगेना. तिनं नवे दगड आणले आणि मोजायला बेळ्ळंदूरच्या पलीकडच्या एका प्रयोगशाळेत जायला लागली. जाऊन येऊन तिचे चार तास त्या रस्त्यावर मोडायचे. आमचं यंत्र तिच्या टेबलापासून वीस पावलांवर होतं.

सहा महिन्यांनी तिथलं यंत्र बंद पडलं, तेव्हा ती आमच्याकडे आली. मला झालेला आनंद लपवता आला नाही. मी चकत्यांसाठी जागा केली, दोन खुर्च्या ओढल्या, लेसर सुरू केला आणि शंभरापासून लावते हं, असं म्हणत माउसला हात घातला. तिनं तो अलगद माझ्या हाताखालून काढून घेतला. रागानं नाही. राग असता तर मला पेललं असतं.

“अक्का, तुम्ही बाहेर थांबता का? मला एकटीनं बघायचंय.”

यंत्र सुरू असताना मी खोलीत असलंच पाहिजे, असा नियम आहे. मीच लिहिलेला आहे तो. मी उठून बाहेर गेले, आणि तिनं आतून कडी लावली.