माळ्यावरचा आळ

मला पंचावन्न पूर्ण झाली त्या दिवशी केक कापून व्हायच्या आत आमच्या ह्यांनी विचारलं, "मग आता पुढचं टार्गेट काय?" हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण घरातली साखर संपली तरी त्यांना अजून 'रिपोर्ट' लागतो. मी वर्षभरापूर्वी कचेरीतली नोकरी सोडली ती टार्गेट या शब्दाला कंटाळूनच. तरी तोंडात केक होता, मन खुशीत होतं, मी तीन गोष्टी बोलून गेले. अजिंक्यतारा किल्ला वाटेत कुठंही न बसता चढायचा. कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचं नाही. आणि सांगलीला दिलेल्या लेकीच्या संसारात नाक खुपसायचं नाही.

"तिसरं अवघड आहे," हे म्हणाले.

मोडलं मात्र पहिलं. त्यानंतर काही दिवसांनीच, सकाळी गडाच्या रस्त्यावर अर्ध्यात असताना लेकीचा फोन आला. हे पुढं डावा-उजवा करत निघालेले. मी धापा टाकत म्हटलं, "बोल."

"आई, तू कुठं आहेस? आधी खाली बस."

"बसायचं नाही मला. टार्गेट आहे."

"आई, बस. तू आजी होणारेस."

मी बसले. कठड्यावर नव्हे, सरळ रस्त्यावरच बसले. खाली सगळा सातारा पसरलेला आणि मला त्यातलं एक घर धड दिसेना, डोळे इतके भरून आले. हे मागं वळून तरातरा आले. "बसलीसच शेवटी! पाचशे मीटर राहिले होते!"

"आजोबा होताय," मी म्हटलं.

ते माझ्याशेजारी बसले. त्या दिवशी गड वर जाऊन बघायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. उतरताना त्यांनी बजावलं, "तीन महिने होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. एकदम गुप्त." आणि पोवई नाक्यावर चहा घेताना चहावाल्याला स्वतःच म्हणाले, "आजचा चहा जरा गोड कर रे, कारण सांगणार नाही." चहावाला म्हणाला, "मुलीकडं का मुलाकडं?"

घरी माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. इस्लामपूरजवळच्या खेड्यातल्या, ऐंशीच्या पुढच्या. लेकीला आठवा महिना लागला तेव्हा त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी टीव्ही बंद केला होता. मालिका गेल्यामुळं त्या घरातल्या माणसांकडं बारकाईनं लक्ष द्यायला लागल्या आणि हे मला परवडणारं नव्हतं. म्हणून मी वाचनालयातून एक जाडजूड रहस्यकादंबरी आणली आणि रोज दुपारी त्यांना वाचून दाखवायला लागले. एका म्हाताऱ्या जमीनदाराचा त्याच्याच बंगल्यात खून होतो आणि घरातल्या प्रत्येकावर संशय येतो, अशी गोष्ट. पहिल्याच दिवशी आत्यांनी माझी खोड ओळखली.

"तू शेवट बघतीयास."

"नाही हो."

"पानं फडफडल्याली ऐकू येत्यात मला. डोळं गेल्यात, कान न्हाईत."

त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि शेवटच्या बऱ्याच पानांना मिळून आपल्या साडीची पिन लावून टाकली. "आता बघ काढून," म्हणाल्या. ती पिन त्यांच्या लग्नातली होती. मी कशाला हात लावते!

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पण लेक म्हणाली, डॉक्टर सांगलीचे, नोकरी सांगलीची, मी साताऱ्याला येणार नाही, तुम्हीच या. नववा लागला तसं माहेरच सांगलीला निघालं. मी, आत्या, डिंकाचे लाडू आणि तोवर निम्मी वाचून झालेली कादंबरी. हे शनिवार-रविवारी येणार होते, पाहणी करायला.

आता आमच्या विहीणबाईंबद्दल सांगायला हवं. त्या मूळच्या शिराळ्याच्या, नागपंचमीच्या गावच्या. समोरच्याकडं पापणी न हलवता बघायची त्यांची पद्धत आहे. व्याही जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांनी एकटीनं मुलाला वाढवलं आणि घर आरशासारखं ठेवलं. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. सुनेच्या पोटातलं बाळ संस्कारी निघावं म्हणून त्यांनी संतांच्या गोष्टींचं एक पुस्तक आणलं होतं आणि रोज संध्याकाळी दिवा लावला की त्या लेकीला समोर बसवून संथ आवाजात वाचायच्या. लेक दुसऱ्या पानाला पेंगायची. तिसऱ्याला आत्याही पेंगायच्या.

अशा घरात मी खुनाचं पुस्तक घेऊन गेलेले. ते मी लाडवांच्या डब्याखाली ठेवलं. दुपारी विहीणबाई आपल्या खोलीत पडल्या की आम्ही मागच्या खोलीचं दार लोटून घ्यायचो आणि मी दबक्या आवाजात वाचायची. तिसऱ्या दिवशी लेकीनं आम्हाला पकडलं. ओरडेल असं वाटलं होतं, तर ती पोट सावरत गादीवर बसली आणि म्हणाली, "पहिल्यापासनं सांगा."

आत्यांनी सांगितलं. पुस्तकात नाही इतक्या खुलवून. जमीनदाराचा पुतण्या आत्यांना पहिल्यापासून आवडत नव्हता, त्यामुळं त्यांच्या सांगण्यात तो दारू पिणारा आणि आईला उलट बोलणारा झाला होता. पुस्तकात बिचारा चहासुद्धा घेत नव्हता.

"पण आई, पोटातलं बाळ ऐकतं म्हणे," लेक मला म्हणाली.

"ऐकूद्या की," आत्या म्हणाल्या. "हुशार हुईल. पोलिसात जाईल."

असे आठदहा दिवस मजेत गेले. मग एका रात्रीच्या जेवणाला विहीणबाई मला आमटी वाढताना, वाटीवरची नजर न काढता म्हणाल्या, "उगाच कशाला डोळ्यांना ताण देता? खून माळ्यानं केलाय."

लेक ताटात बघायला लागली. जावयाला काहीच कळेना. "कुठं खून झाला?" त्यानं घाबरून विचारलं.

आत्यांनी ताट बाजूला सारलं. "काय म्हणालात?"

"माळी," विहीणबाई म्हणाल्या. "भात वाढू?"

आत्यांनी त्या रात्री भात घेतला नाही. खोलीत आल्यावर माझ्यावरच घसरल्या. "ह्या बाईला कसं कळलं? तू सांगितलंस?" मी शपथ घेतली. मग दिव्याजवळ नेऊन पिन बघितली तर ती उलट्या बाजूनं लावलेली होती. आत्या नेहमी उजवीकडून लावायच्या. म्हणजे आम्ही पहाटे उठून न्हाणंधुणं करत असताना लाडवाचा डबा उचलून बाईंनी पुस्तक वाचलं होतं, आणि सगळंच्या सगळं!

मला पहिल्यांदा राग आला. मग हसू आलं. आणि मग थोडी लाजही वाटली, कारण इतके दिवस आम्ही तिघी त्या बाईच्या घरात दार लोटून बसत होतो आणि ती पलीकडच्या खोलीत एकटी पडून ऐकत असणार. सकाळी मी ओट्याजवळ गेले आणि म्हटलं, "दुपारी आमच्यात येऊन बसा की."

त्या पोळी लाटत राहिल्या. "मला शेवट माहीत आहे," म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "तुम्ही मात्र फार भरभर वाचता. इन्स्पेक्टर बोलतो तिथं थांबायला पाहिजे."

आत्यांनी दोन दिवस अबोला धरला. खुनी कळल्यावर ऐकायचं काय, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी करमेना, तेव्हा म्हणाल्या, "वाच. माळ्याला फाशी हुताना तरी ऐकू." मी वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच पानावर माळी मेला. विहिरीत सापडला, डोक्यात घाव. त्याचाही खून झालेला.

मग आत्यांना इतकं हसू आलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला ऑपरेशनची काळजी वाटायला लागली. "आगं, फशीवलं आपल्याला! लय बेरकी बाई हाय ही!" आणि मोठ्यानं हाक मारली, "आवं विहीणबाई! हिकडं या!"

विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर तोंडाला लावलेला. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्या दिवसापासून दार उघडं राहिलं आणि वाचन त्यांच्याकडं गेलं. त्या इन्स्पेक्टरच्या बोलण्यापाशी थांबायच्या, आणि खरंच, जास्त मजा यायची. संध्याकाळचं संतांचं पुस्तकही चालू राहिलं, पण आता लेक जागी राहायची.

शेवटची दोन प्रकरणं उरलेली असताना, रविवारी दुपारी, लेक एकदम ताठ बसली. म्हणाली, "वाचत राहा. बहुतेक काही नाही." पाच ओळींनंतर तिनं माझं मनगट धरलं आणि मला कळलं की काही आहे.

मग एकच धावपळ. जावयाला गाडीची किल्ली सापडेना, ती त्याच्या हातातच होती. हे त्या दिवशी आलेलेच होते, त्यांनी "शांत राहा, शांत राहा" असं इतक्या जोरात सांगितलं की शेजारचे बाहेर आले. आत्यांजवळ ह्यांना ठेवून आम्ही निघालो. गाडीत मी पुढं, मागं लेक आणि विहीणबाई. सिग्नलला गाडी थांबली तशी लेक कळवळून म्हणाली, "काहीतरी बोला ना कुणीतरी!"

मला सुचेना. आई असून सुचेना. मी "होईल हं, होईल" एवढंच म्हणत होते. आणि मागून विहीणबाईंचा तोच संथ आवाज आला, "तर इन्स्पेक्टरनं दिवाणखान्यात सगळ्यांना बसवलं." पुस्तक घरी राहिलेलं. त्या आठवून सांगत होत्या, पुतण्या कुठं बसला, वकील कुठं बसला, खिडकी उघडी होती की बंद. कळ आली की थांबायच्या, ओसरली की पुढं.

दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या, "आत एकच बाई चालेल. कोण येतंय?" मी पिशवी जावयाच्या हातात दिली आणि पदर खोचला. लेक म्हणाली, "सासूबाईंना येऊ दे." मग माझ्याकडं बघून, "आई, त्यांना पुढचं माहितीये."

खोटं कशाला बोलू, मला लागलं. तिला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारी मी, आणि आज आत जाणार ती दीड-दोन वर्षांच्या ओळखीची बाई. दार बंद झालं. मी बाकावर बसले. जावई माझ्याशेजारी बसला आणि त्यानं विचारलं, "आई, तुम्हाला चहा आणू?" आणि पिशवी छातीशी धरून तिथंच बसून राहिला. मग मीच उठून त्याला चहा आणून दिला. कुणालातरी धीर देता आल्यावर मला जरा बरं वाटलं.

दिवस मावळायच्या आत विहीणबाई बाहेर आल्या. केस विस्कटलेले, साडीच्या निऱ्या सुटलेल्या. "मुलगी," म्हणाल्या. "दोघी छान आहेत." आणि माझ्या गळ्यात पडल्या. मी त्यांना घट्ट धरलं. मनातलं सगळं तिथंच निवळलं.

"हात दाबून दाबून मोडला हो माझा तुमच्या लेकीनं," त्या म्हणाल्या. "आणि खुनी सांगणार, तेवढ्यात ही बया आली बाहेर. थांबली नाही."

मी डोळे पुसले. चारी बाजूंना बघितलं. मग हळूच विचारलं, "कोण हो?"

"वकील."

"खरं?"

"शिराळ्याच्या देवीची शपथ."

मी घरी फोन लावला. ह्यांनी उचलला. मी म्हटलं, "मुलगी झाली. दोघी खुशाल. आणि आत्यांना सांगा, वकील." ह्यांनी फौजी सवयीनं मोठ्यानं परत म्हणून दाखवलं, "मुलगी. खुशाल. वकील." पलीकडून आत्यांचा आवाज आला, "आत्ताच वकील? आरं, आधी रडली का बघ म्हणावं!"

ह्यांनी पेढे साताऱ्याहूनच आणले होते, कंदी पेढे, दोन किलो. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, मुलगी झाल्यावर बर्फी वाटतात, पेढे मुलाचे. आत्यांनी पेढा त्यांच्या हातावर ठेवला. "आमच्यात ज्यो जलमाला येतो त्येचा पेढा. खा गप." बाईंनी खाल्ला आणि दुसराही घेतला.

बाळ घरी आल्यावर शेवटचं प्रकरण रीतसर वाचून झालं. वकीलच निघाला. आत्यांचा मात्र पुतण्यावरचा संशय अजून गेलेला नाही. त्या म्हणतात, पुस्तक लिहिणाऱ्याला फसवलंय त्यानं. बारसं झालं आणि आम्ही परतायची तयारी केली, तर आत्या हलेनात. "तुमी जावा. मी हितंच ऱ्हाते. हिनं नवं पुस्तक आणलंय, त्यात तीन खून हायेत." विहीणबाईंनी मागून मान हलवली. बाळाला मांडीवर घेऊन वाचतात म्हणे दोघी. मी त्यात नाक खुपसलं नाही.

आता साताऱ्यात आम्ही दोघंच. दुपारी घर शांत असतं. परवा मी एका गिर्यारोहकाचं आत्मचरित्र वाचत बसले होते. हे खोलीत दोनदा आले, दोनदा गेले. तिसऱ्यांदा येऊन खुर्चीवर बसले आणि पेपरमागून म्हणाले, "मोठ्यानं वाचलंस तरी मला चालेल."

मी वाचायला लागले. पहिलं पान संपायच्या आत पेपर खाली आला, डोळे मिटले आणि घोरणं सुरू झालं. मी आवाज बंद केला. तसे दचकून म्हणाले, "थांबलीस का? ऐकतोय मी."

"कुठवर आलं होतं?"

"गाडी पंक्चर झाली."

हिमालयात बर्फावर गाडी कशी येईल, हे मी विचारलं नाही. पंक्चर काढून दिलं आणि पुढं वाचायला लागले.