तुरीचं पोतं आणि प्रयोगशाळेचं कुलूप

वंदना गेल्याची बातमी तिच्या धाकट्या भावानं भोकरहून फोन करून सांगितली. मी तेव्हा लातूरला आमच्या डाळमिलमध्ये होतो, चाळणीचा पट्टा तुटला म्हणून कामगारांवर ओरडत होतो. "दत्तादादा, ताई गेली... वर्गात शिकवून राहिली होती, तिथंच खाली बसली," एवढंच तो बोलला. नंतर जो तो म्हणाला, शांतपणे गेली. मला हे वाक्य ऐकवत नाही. ती थकवली गेली, आणि कुणी थकवली हे मला माहीत आहे.

आम्ही दोघं नांदेडला एम.एस्सी.ला एका वर्गात होतो. मी वडिलांची मिल सांभाळायला लातूरला परतलो. ती पीएच.डी. करून नांदेडकडच्याच एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात लागली. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचून बाकीच्या महाविद्यालयांनी सुटकेचा नि:श्वास टाकावा अशी माझी इच्छा नाही. वंदनाच्या घरात शिक्षण आलं ते तिच्या आईवडिलांपासून, त्यामुळे 'शिक्षण' हा शब्द ती भाषणातल्यासारखा कधी वापरायची नाही. शिकलेलं आपल्या भागात कुणाच्या तरी कामी आलं पाहिजे, एवढाच तिचा हट्ट होता.

तुरीची डाळ करणं बाहेरून सोपं वाटतं. पण दाण्याचं साल इतकं चिकट असतं की त्याला तेल चोळायचं, ढीग लावून ठेवायचं, उन्हात वाळवायचं आणि मग भरडायचं. आभाळ आलं की सगळं काम ठप्प, आणि भरडताना दाणा फुटून चुरी होते ती वेगळीच. वंदनानं एक एन्झाइम तयार केलं होतं. त्याचं पाणी तुरीवर शिंपडून नेमकी ऊब दिली की साल सैल व्हायचं. एकदा ऐन ढगाळ दिवसांत ती त्या पाण्याची बरणी घेऊन मिलमध्ये आली. तिच्या पर्समध्ये कायम तुरीची एक स्टीलची डबी असायची. दाणा दाढेखाली धरायचा आणि कट्ट वाजला तरच 'वाळली' म्हणायचं, ही आम्हा मिलवाल्यांची सवय तिनं केव्हाच उचलली होती. त्या दिवशी तिनं तव्यावर ऊब दिलेले दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली, आणि हातात पिवळेधमक दाणे राहिले, एकही फुटलेला नाही. माझे वडील खुर्चीतून उठून आले.

"पोरी, हे पोत्यानं व्हईल का?"

"व्हईल की काका. फकस्त ड्रायर पायजे, ऊब एकसारखी ठेवणारा."

ड्रायर तिच्या प्रयोगशाळेत होता! तिच्याच प्रकल्पासाठी आलेला. नारळ फुटला, फीत कापली, पेपरवाल्यांनी फोटो काढले... आणि त्याच संध्याकाळी त्यावर प्लास्टिकचं आवरण चढलं, खोलीला कुलूप लागलं. कारण काय, तर तपासणीची समिती येणार. वापरला तर डाग पडतील, बिघडला तर जबाबदारी कुणाची? समिती आली, चकचकीत यंत्र बघून खूश होऊन गेली, आवरण परत चढलं. पुढची समिती ठरलेलीच होती. वंदना विभागप्रमुखांच्या दारात जाऊन उभी राहायची, "सर, एकदा तरी चालवू द्या." सर हसून म्हणायचे, "मॅडम, इतकी महागाची वस्तू हाय, जरा सांभाळून." मी एकदा वैतागून म्हटलं, "कुलूप तोड की सरळ!" ती म्हणाली, "तोडते. अन् माझी गाईडशिप काढून घेतली तर? पोरी शिकून राहिल्यात माझ्या हाताखाली, दत्ता."

देश ज्ञानावर उभा राहणार, संशोधनातून उद्योग वाढणार, असा भला मोठा फलक त्याच इमारतीच्या दारात आहे. तो वाचला की माझं डोकं फिरतं. मार्क मिळवण्यात आमच्या भागातल्या पोरांचा हात कुणी धरत नाही. त्यांनी शिकायचं, मोठं व्हायचं आणि पुण्याला नाहीतर परदेशात जायचं. जी इथं राहिली, तिच्या हातात आम्ही एक किल्ली देत नाही. गेल्या हंगामात बाहेरच्या राज्यातल्या कंपनीचा माणूस जवळपास याच पद्धतीची यंत्रणा विकायला माझ्याकडे आला. मी वंदनाला फोन केला. तिनं सगळं विचारून घेतलं, मग म्हणाली, "घेऊन टाक. तुझ्या मिलचं तरी भलं व्हईल." मी घेतली नाही, निव्वळ रागानं. त्यावर तिनं मला बिनडोक म्हटलं.

शोकसभेला लोक हार घेऊन आले, मी तुरीचं पोतं घेऊन गेलो. सभा प्रयोगशाळेतच होती. आवरणासकट त्या ड्रायरचं टेबल करून त्यावर तिचा फोटो ठेवला होता. ती खोली तिच्यासाठी उघडली, ती अशी. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडमचं या यंत्रावर लई प्रेम होतं," आणि प्रयोगशाळेला तिचं नाव देणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे काहींना ऐनवेळी आठवलं. मी उठून म्हटलं, "सर, नाव नका देऊ. तिच्या पोरींना किल्ली द्या." तिच्या विद्यार्थिनी मान खाली घालून रडत होत्या. सभा संपली, फोटो उचलला, खोलीला कुलूप लागलं. पोतं मी त्या दाराला टेकवलं आणि लातूरला आलो.

तिच्या भावानं पर्समधली ती तुरीची डबी मला दिली आहे. परवा मिलमध्ये बसून त्यातला एक दाणा दाढेखाली धरला होता, तेवढ्यात विभागप्रमुखांचा फोन आला. "शेठ, ते पोतं तेवढं उचलून न्या हो. समिती येऊन राहिली."

मी दाणा चावला. कट्ट वाजला.

"तूर वाळलीय, सर," मी म्हटलं. "तुम्ही दार उघडा, मी पोतं आत उचलून ठेवतो."