पहिला मिस्त्री

आमच्या दुकानात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. जाम झालेला प्लग निघायला दोन चहा लागतात, आणि दोन चहा होईपर्यंत गप्प बसेल असा माणूस निदान आमच्या वाशिम जिल्ह्यात तरी मला भेटलेला नाही. मी कारंज्याला करीमचाचांच्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानात एकोणीस वर्षं काम करतो. त्यामुळे सांगायला सुरुवात केली की घरचे उठून जातात.

आधी कामाचं थोडक्यात सांगतो. इंजिनाचं हेड असतं अल्युमिनियमचं, म्हणजे नरम. त्यात बसणारा प्लग लोखंडी, म्हणजे कडक. कुणी तो जास्त आवळला की तो जाम होतो. मग घाईघाईत जोर लावला, की हेडातले आटे, म्हणजे पेचाच्या खाचा, सोबत घेऊन बाहेर येतो. प्लग हातात आणि हेड भंगारात!

म्हणून चाचा पान्याला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतात. "आवळला कोणं?"

उगाच नाही विचारत. नुसता आवळला असेल तर हेड गरम करायचं, आट्यांवर मेणबत्ती टेकवायची, मेण आत जाऊ द्यायचं आणि थांबायचं. सोल्युशन लावून चिकटवला असेल तर आच जास्त द्यायची. आणि वाकडा बसवला असेल तर आच अजिबात द्यायची नाही. खरं कळलं की अर्धं काम झालं.

पण खरं कोण सांगतो! एकोणीस वर्षांत उत्तर एकच. "पहिल्या मिस्त्रीनं."

हा पहिला मिस्त्री मी कधी पाहिलेला नाही. मोटारसायकल असो, पाण्याचं इंजिन असो, फवारणीचा पंप असो, तो आमच्या आधी तिथं पोचलेला असतो.

*

मेडशीचा एक जण नवी कोरी मोटारसायकल घेऊन आला. ऑइलचा प्लग निघत नव्हता.

"आवळला कोणं?"

"पहिल्या मिस्त्रीनं."

"गाडी किती दिवसाची हाये?"

"बारा."

चाचांनी गाडीला एक चक्कर मारली. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. "मोठा फास्ट मानूस हाये बाप्पा," चाचा म्हणाले.

*

एक गुरुजी आले. त्यांच्या प्लगाभोवती सोल्युशन असं थापलं होतं की प्लग नेमका कुठं आहे ते शोधावं लागलं.

"पहिल्या मिस्त्रीचं काम," गुरुजी म्हणाले. "या लोकांना शिस्त म्हणून नाही!"

चाचांनी चष्मा लावला. सोल्युशनमध्ये अंगठ्याचा ठसा होता, आणि ठशात पांढरा खडू.

चाचांनी चहा सांगितला. चहा आल्यावर म्हणाले, "गुरुजी, तो पहिला मिस्त्री कोनत्या वर्गाले शिकवते?"

*

एक जण नुसता रुमाल घेऊन आला. रुमाल उघडला, तर आत प्लगाचं डोकं! घरी छिन्नी-हातोडा चालवला होता.

"हा निघाला," तो म्हणाला.

"आन् बाकीचा?"

"तो इंजिनात हाये."

चाचांनी ते डोकं उलटसुलट करून बघितलं आणि परत रुमालात गुंडाळून दिलं. "घरी ठेवा. इंजिन घेऊन या. दोघायची भेट घालून देऊ."

*

दोन सख्खे भाऊ. वाटण्या झालेल्या, पण पाण्याचं इंजिन एकच, आठवडा-आठवडा वापरायचं. दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. प्लग जाम झाला तेव्हा एकट्याच्या भरवशावर इंजिन सोडायला नको म्हणून दोघंही आले आणि बाकड्याच्या दोन टोकांना बसले.

"आवळला कोणं?"

"त्यानं!" दोघं एकदम म्हणाले.

चाचा खूश झाले. आयुष्यात पहिल्यांदा आरोपी दुकानात हजर होता. त्यांनी हेड तापवलं, मेण सोडलं, थोरल्याच्या हातात पाना दिला आणि धाकट्याला इंजिन धरायला लावलं. थोरल्यानं दातओठ खाऊन जोर लावला.

"दादा, काय करून राह्यला!" धाकटा ओरडला. "उलटा फिरव ना, आवळून राह्यला तू!"

दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. आवळला कोणं, तेही कळलं.

*

एकदा मी चाचांना म्हटलं, "चाचा, या पहिल्या मिस्त्रीले एकदा धरलं पाह्यजे."

"धरतं काहून? त्याच्याच जिवावर तं दुकान चालून राह्यलं," चाचा म्हणाले. "एकदा भेटू दे फक्त. चहा पाजीन त्याले."

*

मागच्या श्रावणातली गोष्ट. आठ दिवसांच्या झडीनंतर उघाड पडली होती आणि संध्याकाळी पुन्हा पाऊस सांगितला होता. इंझोरीच्या शोभाकाकू फवारणीचा पंप घेऊन सकाळीच आल्या. सोयाबीनवर अळी पडलेली, औषध घरी आणून ठेवलेलं, आणि पंपाचा स्पार्क प्लग जाम. आज फवारलं नाही तर पुढच्या उघाडीपर्यंत अळी काही शिल्लक ठेवणार नव्हती.

"आवळला कोणं, बाई?"

"मले काय माहीत, चाचा? मागच्या साली तुमच्याच दुकानातून बसवून नेला. त्याच्यानंतर मी हात नाही लावला."

दुकानात मिस्त्री आम्ही दोघंच. चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पंप पाहिला.

मला मात्र सगळं आठवलं. त्याच्या आदल्या वर्षी अशीच उघाड होती, पंपांची रांग दारापर्यंत गेलेली. चांगला प्लग बोटांनीच पाच-सहा फेरे आत जातो. हा दुसऱ्या फेऱ्यालाच अडला. वाकडा बसलाय हे बोटांना तेव्हाच कळलं होतं. काढून परत सरळ लावायला हवा होता. मी पान्याला पाईप लावला आणि तसाच रेटला. मग म्हटलं, "घ्या काकू, पक्का बसला."

चाचांनी गॅसचा टॉर्च पेटवला.

"काही होणार तं नाही ना?" काकूंनी विचारलं.

"सरळ असंल तं गरम करून निंघते," चाचा म्हणाले. "वाकडा असंल तं आटे घेऊन येते. मंग नवं हेड अकोल्याहून आना लागते. दोन दिवस."

काकू दाराबाहेर आभाळाकडे बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकोणीस वर्षं मी बाकड्यावरच्या माणसांना हसलो होतो. आता मी उगाच पाने पुसत राहिलो. चाचांनी ज्योत बारीक केली आणि हेडाजवळ नेली.

"चाचा."

"काय?"

"पहिल्या मिस्त्रीनं आवळला."

"बरं."

"वाकडा बसला हाये."

चाचांनी टॉर्च बंद केला. मला कसं माहीत, हे विचारलं नाही.

मग थंडच काम सुरू झालं. तेलाचे दोन थेंब सोडायचे, पाना पाव फेरा बाहेर, तेवढ्यातला अर्धा परत आत. पुन्हा तेल. काकू आभाळावरून नजरच काढेनात. दीड तासानं प्लग बाहेर आला. वरचे दोन आटे गेले होते, खालचे शाबूत. चाचांनी आटे पाडायचा टॅप फिरवून आटे साफ केले, नवा प्लग माझ्यापुढे धरला आणि पाना मात्र स्वतःच्या खिशात ठेवला.

मी प्लग बोटांनी लावला. एक, दोन, तीन, चार, पाच फेरे. शेवटचा पाव फेरा चाचांनी पान्यानं दिला.

पहिल्यांदा दोरी ओढताच पंप सुरू झाला. ऊन अजून होतं. काकूंनी पंप ऑटोत घातला आणि गेल्या.

चाचांनी चिंधीला हात पुसले. दारात उभे राहून समोरच्या हॉटेलवाल्याला जोरात हाक मारली.

"दोन चहा पाठव! पहिला मिस्त्री आला हाये!"